अंतऱ्याआधी उचललेली सुई

एकदा एका सूत-व्यापाऱ्याला आपल्या घरातल्या आवाजात काहीतरी कमी आहे असं वाटू लागलं, आणि ते भरून काढण्यात त्याची सात वर्षं गेली.

घर होतं इचलकरंजीला. ज्या गावात उजाडल्यापासून मागांचा खडखडाट चालू, तिथल्या माणसाला स्वच्छ आवाजाचं अप्रूप जरा जास्तच असणार, यात नवल नाही. भूपाल मगदूम यानं उभी हयात सुताच्या पेढीवर काढली. मग पेढी पुतण्याच्या हाती सोपवली, हात रिकामे झाले, आणि त्या रिकाम्या हातांना त्यानं एक नाद लावून घेतला. जुन्या बाजारातून व्हॉल्व्हचे अँप्लिफायर आणि लाकडी पेटीचे स्पीकर आणायचे, त्यांतले म्हातारे झालेले भाग काढून टाकायचे, त्या जागी सरस भाग बसवायचे आणि आवाज किती सुधारला ते ऐकत बसायचं. व्हॉल्व्ह म्हणजे ती काचेची नळी. जुन्या रेडिओच्या पाठीमागे तुम्ही पाहिली असेल. तापली की तिच्या आत तांबूस उजेड पडतो. त्या उजेडाचं वेड ज्याला लागलं, तो माणूस कामातून गेला म्हणून समजा!

पण भूपालनं हे वेड गुरूवाचून केलं नाही. गावात रेवाण्णा हत्तरकी नावाचे, ऐंशी ओलांडलेले गृहस्थ होते. चाळीस वर्षं त्यांनी रेडिओ दुरुस्त केले, तंबूतल्या सिनेमाचे अँप्लिफायर सांभाळले. भूपाल आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे जाऊन बसायचा. वीज बंद केली तरी कंडेन्सरमध्ये ती दबा धरून राहते, म्हणून आधी तो मोकळा करायचा. पेटीत एक हात घालताना दुसरा खिशात ठेवायचा, कारण दोन्ही हात आत गेले तर झटका छातीतून पार होतो. तारा जोडायला डाख देताना श्वास रोखायचा, घाई करायची नाही. असं सगळं रेवाण्णांनी त्याला शिकवलं. शिष्य गुणी होता, हे कबूल करायलाच हवं. पाच वर्षांत त्याचा हात गुरूपेक्षा साफ झाला. प्रत्येक बदलाची तो वहीत नोंद करी: ‘तिसऱ्या जागचा कंडेन्सर बदलला. आवाज मोकळा. किंचित कोरडा.’ अशा नोंदींच्या चार वह्या भरल्या.

आवाज पारखायला मात्र तो एकच तबकडी वापरायचा. फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या गायिकेचं एक भावगीत. ध्रुवपदात एक बाई नदीकाठी उभी राहून नावाड्याला हाक मारते, आणि हाकेच्या आधी गायिका अगदी हलका श्वास घेते. तो श्वास किती स्वच्छ ऐकू येतो, यावर भूपाल नव्या भागाची प्रत ठरवायचा. ध्रुवपद संपलं की सुई उचलायची, भाग बदलायचा, सुई पुन्हा आरंभाला ठेवायची. या नादातले लोक असंच करतात. तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकल्याशिवाय म्हणे फरक कळत नाही.

दोन स्पीकरांचा आवाज खोलीत एकाच जागी नेमका जुळतो, हेही भूपाल शिकला होता. ती जागा त्यानं दोरी धरून मापली, फरशीवर पिवळी पट्टी चिकटवली आणि पट्टीवर एक खुर्ची ठेवली. मग खोलीतल्या बाकीच्या वस्तूंवर एकेक करून गदा आली. सोफा गेला, कारण तो आवाज पितो. भिंतीवरचं घड्याळ गेलं, कारण ते मध्येच टोल देतं. कड्या करकरतात म्हणून झोपाळा उतरला, आणि त्या झोपाळ्यावर बसून शेंगा सोलणारी भूपालची बायको, त्रिशला, आत स्वयंपाकघरात बसू लागली. तिला कुणी ‘जा’ म्हटलं नव्हतं हो. बाहेर बसायला जागाच उरली नव्हती, एवढंच.

मग एके दिवशी त्रिशला सांगलीला भावाकडे गेली, आठ दिवसांसाठी म्हणून. भांडण नाही, अबोला नाही. जाताना दूधवाल्याला काय सांगायचं, तेही सांगून गेली. त्या आठ दिवसांचे चार महिने झाले. रविवारी तिचा फोन यायचा.

“जेवलात?”

“हो.”

“डबा बरा असतो?”

“बरा असतो.”

“बरं.” की ठेवला फोन.

‘कधी येतेस?’ एवढे दोन शब्द भूपालच्या जिभेवर यायचे आणि तिथंच बसायचे. ती ‘येत नाही’ म्हणाली तर काय करायचं, हे त्याला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर तो घाबरला होता. घर त्याला खायला उठायचं. एखादा भाग मनासारखा बसला की तो सवयीनं आतल्या दाराकडे तोंड करून म्हणायचा, “ऐकलंस का?” आणि मग आपलं आपल्यालाच ओशाळं वाटून पुन्हा वही उघडायचा. पुतण्या यायचा, उभ्याउभ्या विचारपूस करून जायचा. बसणार कुठं बिचारा? एक खुर्ची, तीही काकांची.

आठ दिवस उलटले तेव्हाच भूपालनं मनाशी एक गाठ बांधली होती. आवाज एकदा परिपूर्ण करायचा. जे कमी आहे ते शोधून काढायचं, आणि मग ताठ मानेनं सांगलीला जाऊन त्रिशलाला म्हणायचं, “चल. झालं आता. ऐकायला चल.” या गाठीवर तो चार महिने जगला. ट्रान्सफॉर्मर नवा गुंडाळून घेतला. स्पीकरच्या कागदी पडद्यांच्या कडा नव्यानं चिकटवल्या. फार शोधाअंती जुन्या, न वापरलेल्या व्हॉल्व्हची एक जोडी मिळाली, ती बसवली. गायिकेचा श्वास आता इतका स्वच्छ येऊ लागला की वाटावं, बाई समोर उभ्या आहेत. आणि तरी काहीतरी कमीच. ते काय, हे काही केल्या कळेना.

मग तो रेवाण्णांकडे गेला आणि त्यांच्या पायाशी बसला.

“अण्णा, माझी अक्कल संपली. तुम्ही घरी चला आणि दोष काढून द्या.”

“एवढी निकड कशाची?” रेवाण्णांनी विचारलं.

“दोष निघाला की मी त्रिशलाला आणायला जाणार आहे. अपुऱ्या आवाजावर कुठल्या तोंडानं बोलावू तिला?”

“त्यासाठी थांबलाईस व्हय?” म्हातारा एवढंच म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षा करून आला.

भूपालनं त्यांना हाताला धरून खुर्चीपाशी नेलं. रेवाण्णा खुर्चीत बसले नाहीत. त्यांनी आधी पेटी उघडायला लावली, चष्मा कपाळावर चढवून एकेक डाख निरखला, एकेका कंडेन्सरवरचे आकडे वाचले आणि मान डोलावली. मग भूपालनं तबकडी लावली. गायिकेनं श्वास घेतला, नावाड्याला हाक मारली, ध्रुवपद संपलं. भूपालनं सुई उचलली.

“ऐकलंत? आता हे बघा.” त्यानं एक बटण फिरवलं आणि सुई पुन्हा आरंभाला ठेवली. पुन्हा श्वास, पुन्हा हाक. पुन्हा सुई उचलली. “आता हा फरक बघा हं, अण्णा.”

असं चारदा झालं. रेवाण्णा गाण्याकडे लक्ष देत होते की भूपालच्या हाताकडे, ते सांगणं अवघड आहे. पाचव्यांदा भूपालचा हात सुईकडे जाऊ लागला तेव्हा त्यांनी तो धरला.

“त्रिशला कुठं बसायची?”

“ती?” भूपाल गोंधळला. “ती आत असायची. खिडकीजवळ पाट आहे तिचा.”

“मग तू त्या पाटावर जाऊन बस. खोलीबाहेरनं ऐकल्याबिगर आवाजाची खरी पारख होत न्हाई, हे तुला पहिल्याच वर्षी सांगितलंतं मी. मी हितं सुई लावतो. मी बोलवीपर्यंत उठायचं न्हाई.”

भूपालला हायसं वाटलं. अण्णांना दोषाचा माग लागला, असं त्याला वाटलं. तो वही आणि पेन्सिल घेऊन आत गेला, पाटावर मांडी घालून बसला.

बाहेर श्वास ऐकू आला, म्हणजे ऐकू आलाच नाही. भिंतीपलीकडून एवढा बारीक आवाज कुठला यायला? एकदम हाकच आली. भूपालनं लिहिलं, ‘खर्ज जड. वरचे सूर दबलेले.’ ध्रुवपद संपलं. सुई उचलल्याचा खरखरीत आवाज झाला. पुन्हा हाक आली. ‘शब्द अस्पष्ट,’ भूपालनं लिहिलं. पुन्हा सुई उचलली गेली, आणि पुन्हा हाक.

चौथ्या खेपेला त्यानं पेन्सिल खाली ठेवली. अण्णा काय तपासतायत? बटणाचा आवाज नाही, भाग बदलल्याची खुडबुड नाही. नुसतंच तेवढं वाजतंय, थांबतंय, वाजतंय. वय झालं आता त्यांचं, असंही त्याच्या मनात आलं. उठावं म्हटलं तर आज्ञा आहे. नाइलाजानं तो इकडेतिकडे बघू लागला.

चार महिन्यांत तो या खोलीत चहा करण्यापुरता आला होता, आणि बसला तर सात वर्षांत आजच. समोर भांड्यांची मांडणी होती. तिच्यात ताटं उभी लावलेली होती, आणि प्रत्येक दोन ताटांच्या मध्ये कापडाची एक घडी होती. हे काय आहे म्हणून तो पुढे वाकला. जुन्या पातळाचे तुकडे होते. नीट कापून, कडा दुमडून, टाके घालून केलेले. वाट्यांच्या मध्येही होते. डब्यांच्या झाकणांखाली होते. खलबत्त्याखाली चौघडी होती. मिक्सरच्या चारही पायांना चिंध्या गुंडाळून वर दोरा आवळला होता. कपाटाचं दार त्यानं लोटून पाहिलं. तेही वाजलं नाही. आत फ्लॅनेलची पट्टी चिकटवलेली होती.

आपण ऐकायला बसलो की आत भांड्याला भांडं लागत नाही, याचा त्याला केवढा अभिमान होता! खोली किती उत्तम साधली आहे म्हणून तो रेवाण्णांनाही सांगायचा. पण ती शांतता त्रिशलानं टाका टाका घालून शिवली होती, आणि त्याला पत्ता नव्हता.

बाहेर बाई नावाड्याला हाक मारत होती. सुई उचलली. पुन्हा हाक. कितव्यांदा? तो मोजू लागला. आठ. नऊ. हाक यायची, आणि आता काहीतरी उत्तर येईल असं वाटायच्या बेतात सगळं बंद पडायचं. त्या बाईला नाव मिळाली का? नावाडी आला का? काही कळत नव्हतं. दहा. त्याचं अंग आंबून गेलं, डोकं ठणकू लागलं. अकराव्यांदा ती हाक आली आणि त्याला ते असह्य झालं.

“अण्णा!” तो किंचाळलाच. “अहो, जाऊ द्या की पुढं! एकदा तरी जाऊ द्या पुढं!”

बाहेर सुई उचलली गेली. थोड्या वेळानं रेवाण्णा भिंतीचा आधार घेत आत आले आणि उंबऱ्यावरच बसले. भूपालकडे न बघता, आपल्या हातांकडे बघत ते बोलले.

“तुझ्या जोडणीत कणभर दोष न्हाई, भूपाल. असा साफ सेट मी उभ्या जन्मात बांधला न्हाई. काहीतरी कमी वाटतंय म्हणतोस ते खरं आहे. या घरात सात वर्षांत गाणं एकदाही अंतऱ्यापतोर गेलं न्हाई, मग ते पुरं वाटंल कसं? तू अकराव्यांदा ओरडलास. ती सात वर्षं ह्या पाटावर बसली आणि शब्द काढला न्हाई. मला हे कळायला उशीर झाला म्हणून सांगतो. रेडिओवाल्याच्या घरात गाणी अर्धीच वाजतात. रेडिओ बोलू लागला की मालक उचलून नेतो. माझी ही एकदा म्हणाली होती, हे एवढं तरी पूर्ण होऊ दे. मी म्हटलं, गिऱ्हाईक दारात उभं आहे. ती देवाघरी गेली त्या दिवशी दुकानात बारा रेडिओ होते. घरात एकबी नव्हता.”

“आता काय बदलू, अण्णा?” भूपालनं विचारलं.

“पेटीतलं? काही न्हाई. ती झाली.”

रेवाण्णांना रिक्षात बसवून भूपाल घरात आला. व्हॉल्व्ह अजून तापलेले होते. ते बंद करून तो मांडणीसमोर उभा राहिला आणि रडला. कुणी बघायला नव्हतं. कुणी असतं तरी तो रडला असता, असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं तो सांगलीला गेला. मेहुण्याच्या घरी मागच्या अंगणात त्रिशला मेथी निवडत बसली होती. त्याला बघून ती उठली नाही. पदर सारखा करून, पायानं एक स्टूल त्याच्याकडे सरकवलं. चार महिने पाठ केलेलं ‘चल, झालं आता’ हे वाक्य भूपालच्या तोंडून काही निघालं नाही. ते किती पोकळ आहे हे त्याचं त्यालाच कळलं होतं.

“काल तुझ्या पाटावर बसलो होतो,” तो म्हणाला. “रेवाण्णांनी बसवलं. ध्रुवपद लावायचे आणि सुई उचलायचे. अकराव्यांदा मी ओरडलो. तू सात वर्षं एकदासुद्धा ओरडली नाहीस.”

त्रिशलानं हातातली जुडी खाली ठेवली.

“ओरडले होते की,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “पहिल्याच वर्षी. आतनं ओरडून म्हटलं होतं, एकदा पुढं जाऊ द्या. तुम्ही म्हणालात, दार लोटून घे, आवाज येतोय.”

भूपाल आठवू लागला. त्याला ते आठवेना. गायिकेचा श्वास त्याला कोणत्या कंडेन्सरवर कसा होता ते तारीखवार सांगता आलं असतं, आणि हे आठवत नव्हतं. शहाण्या गुरूलाही जे माहीत नव्हतं, ते आता त्याच्यासमोर होतं. ती गप्प बसली नव्हतीच. त्याला ते ऐकू गेलं नव्हतं.

“आणखी काय म्हणाली होतीस?” त्यानं विचारलं.

“आता काय त्याचं?”

“सांग. मला आठवत नाही. सांग तू.”

तो चेष्टा करतोय का, हे तिनं नीट निरखून पाहिलं. मग पुन्हा मेथी हातात घेतली आणि सांगायला लागली. झोपाळा उतरवला त्या दिवसापासून सुरुवात केली. काही ठिकाणी ती थांबायची, काही ठिकाणी तिचा आवाज चढायचा, दोनदा तर चांगलाच चढला. ‘माझं म्हणणं तसं नव्हतं’ असं भूपालच्या ओठांवर कितीदा आलं, आणि कितीदा त्यानं ते गिळलं. भावजय जेवायला बोलावून गेली, पुन्हा येऊन गेली. मेथी कधीच निवडून झाली होती.

त्या दिवशी ती त्याच्याबरोबर परत आली नाही. त्यानंही ‘चल’ म्हटलं नाही. संध्याकाळी तो निघाला तेव्हा ती फाटकापर्यंत आली.

“अजून बरंच राहिलंय,” ती म्हणाली.

“परवा येतो,” भूपाल म्हणाला, आणि बस पकडायला एकटाच चालू लागला.

आपला आवाज आतल्या खोलीत कसा पोहोचतो हे ज्याला जाणायचं असेल, त्यानं तिथं जाऊन बसावं. आणि मग तिथं जी बसत आली, तिला विचारावं.